निळा दिवा लागतो, पडदा मात्र काळा

आमच्या सरकारी रुग्णालयात थॅलेसेमियाची मुले दर दोन-चार आठवड्यांनी रक्त घ्यायला येतात. त्यातला तेरा वर्षांचा एक मुलगा गेल्या खेपेला रडवेला होता. अमेरिकेतल्या मामाने दिलेला जुना निन्टेन्डो थ्रीडीएस सुरूच होत नव्हता. निळा दिवा लागे, पडदा काळाच राही, क्षणात दिवाही विझे. रक्त चढेपर्यंतचे तीन-चार तास त्याला सोबत त्या खेळण्याचीच.

सवयीप्रमाणे मी आधी हिस्टरी विचारली. आई ओशाळून म्हणाली, "डॉक्टर, फोटो ठेवायला कार्ड हवं होतं, म्हणून मीच ते पुसून घेतलं." आमच्या इंटर्नने तिथेच निदान केले. मामाने यंत्र 'मॉडिफाय' केलेले होते आणि 'बूट.फर्म' नावाची फाइल कार्डासोबत पुसली गेली होती.

बटण दाबताच चिपमध्ये कोरलेला छोटा प्रोग्रॅम, म्हणजे बूटरॉम, आधी जागा होतो. पुढच्या सॉफ्टवेअरवर कंपनीची डिजिटल सही आहे ना, हे तो तपासतो. थ्रीडीएसमधली ही तपासणीच सदोष आहे. बनावट सही अशी रचता येते की चिप स्वतः काढलेला आकडा स्वतःशीच ताडून पाहते. रुग्णाने आपल्याच फिटनेस सर्टिफिकेटवर सही करावी, तसे! 2016 च्या अखेरीस हॅम्बुर्गच्या एका परिषदेत ही चूक मांडली गेली. बूटरॉम पुन्हा लिहिता येत नसल्याने विकलेल्या यंत्रांतून ती अपडेटने निघत नाही. फुकट गेम लाटणाऱ्यांनीही हीच वाट धरली, ते मला पटत नाही. पण कंपनीने 2023 मध्ये या यंत्राचे ऑनलाइन दुकान बंद केले, 2024 मध्ये ऑनलाइन खेळही. जुने यंत्र हौसेने चालते ठेवणाऱ्यांना मी दोष देणार नाही.

असे बदललेले यंत्र आधी कार्डावर बूट.फर्म शोधते, मग आतल्या मेमरीत. दोन्हीकडे नसेल तर गप बंद होते. पुष्कळजण तेव्हा यंत्र 'मेले' समजून भंगारात देतात. इंटर्नने मूळ प्रकल्पाच्या जागेवरून फाइल आणून कार्डावर टाकली आणि पडदा उजळला. ही फाइल सलाइनसारखी, या जातीच्या कोणत्याही यंत्राला चालते. आतल्या मेमरीची प्रत मात्र रक्तासारखी, ज्याची त्यालाच जुळते. प्रत्येक यंत्राची किल्ली वेगळी. म्हणून ती प्रत आधीच काढून घरच्या संगणकावर जपावी. फाइल्सही ओळखीपाळखीच्या पेनड्राइव्हवरून घेऊ नयेत.

मुलगा सगळे लक्ष देऊन ऐकत होता. म्हणाला, "सर, माझ्यातली चूकपण आतच कोरलेली आहे ना?" होय म्हणालो. म्हणून आपण बाहेरून रक्त देतो, साठणारे लोह औषधाने काढतो. मज्जा जुळली तर प्रत्यारोपणही करता येते.

त्याच्या धाकट्या बहिणीचा जुळणीचा रिपोर्ट अजून यायचा आहे.