सर्व्हर पुण्यात, कीबोर्ड उमरग्यात

पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादला जाणारा महामार्ग उमरग्यातून जातो. पुण्यात मायक्रोसॉफ्टची क्लाऊड सेवा २०१५ पासून चालते, हैदराबादेत ॲमेझॉनची २०२२ मध्ये सुरू झाली. उमरग्यात घरी बसलेला अभियंता या दोन्ही शहरांतल्या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम बदलू शकतो.

हे काम फार काळ टाळता येत नाही. असंख्य सर्व्हर ज्या सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत होते, तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या ३० जून २०२४ ला थांबल्या.

नव्या फायली उतरवून बसवणं त्यामानाने सोपं. मधेच लाइन गेली तरी काम अर्धवट राहू नये, म्हणून ते सर्व्हरवरच टीमक्ससारख्या प्रोग्राममध्ये चालवतात. खरी कसोटी रिबूटची. संपर्क तुटतो आणि मशीन उठेपर्यंत वाट पाहावी लागते. ते उठलं तरी सापडेलच असं नाही. नव्या सिस्टिमने नेटवर्क कार्डाचं 'ईथ झिरो' हे नाव बदललं आणि सेटिंग जुन्याच नावावर राहिली, तर धडधाकट चालणाऱ्या मशीनपर्यंत पोचता येत नाही.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने विंडोजची सुमारे ८५ लाख मशीन कोलमडली. भारतात काही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. चुकीची फाईल काढायला कितीतरी ठिकाणी माणसाला मशीनसमोर जावं लागलं.

म्हणून जाणता अभियंता परतीची सोय आधी करतो. मोठ्या सर्व्हरच्या बोर्डावर एक स्वतंत्र छोटा संगणक असतो. मुख्य मशीन बंद असतानाही तो जागा राहतो, पडदा दाखवतो, वीज चालू-बंद करतो. त्याच्याशी बोलण्याची आयपीएमआय ही पद्धत १९९८ ची. ही सोय नसेल तिथे बूटलोडरला (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामला) नवं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, फक्त एकदाच वापरायला सांगतात आणि कर्नल कोसळलं तर दहा सेकंदांनी आपोआप रिबूट होण्याची सेटिंग ठेवतात. मग पुढच्या खेपेला जुनं कर्नल चालू होतं. मला ही युक्ती फार मोलाची वाटते: बिघाड झाला तरी मशीन स्वतःहून परत येतं.

मंगळावर तर माणूस पाठवण्याचा पर्यायच नाही. क्युरिऑसिटी रोव्हर ऑगस्ट २०१२ मध्ये उतरल्यावर काही दिवसांतच त्याचं सॉफ्टवेअर बदललं. एकेक आज्ञा पोचायला सुमारे १४ मिनिटं लागत होती. मदतीला रोव्हरमध्ये दुसरा मुख्य संगणक होता. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे १८० बदलांचं नवं सॉफ्टवेअर चढवलं, तेव्हा ३ ते ७ तारखेपर्यंत रोव्हरचं वैज्ञानिक काम थांबवलं होतं.