शिंगराला भरदार करण्याची घाई का नडते?

नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो. तिथे भरदार घोडा उठून दिसतो. म्हणून दोन वर्षांच्या शिंगरालाही भरपूर खुराक देऊन पळवण्याचा मोह होतो.

धोका काय?
स्नायू काही आठवड्यांत भरू लागतात. हाडांना महिने लागतात. गुडघ्यावरच्या हाडाची वाढ साधारण अडीच वर्षांपर्यंत, तर मणक्यांची पाच-सहा वर्षांपर्यंत चालते. त्याआधी सतत रिंगणात पळवल्यास जनावर कायमचे लंगडू शकते.

काय करावे?
रोज हाताने धरून चढ-उताराच्या वाटेवर चालवावे, वेळ हळूहळू वाढवावा. लसूणघास, सोयाबीन पेंडीतून प्रथिने द्यावीत. नुसत्या धान्य-गुळाने चरबी चढते.

कसे ओळखावे?
बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हाताला लागाव्यात.