विंचवाचे विष आणि पेशींचे निरोप

रायगड जिल्ह्यात भातकापणी, पेंढ्याच्या उडव्या, लाकूडफाट्याची रास, दगडांचे बांध अशा ठिकाणी काम करताना लाल विंचू चावण्याची भीती असते. विंचू जेमतेम बोटाएवढा आणि त्याचे विष थेंबाहूनही कमी. तरीही धडधाकट मुलाचे हातपाय गार पडतात, दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात आणि काही तासांत फुफ्फुसांत पाणी साचून जीव धोक्यात येतो. हे कसे घडते? याचे उत्तर आपल्या पेशी एकमेकींना निरोप कसे पाठवतात यात दडले आहे.

पेशीभोवती पातळ पटल असते. बाहेरून आलेले बरेचसे रासायनिक निरोप या पटलातून आत जाऊच शकत नाहीत. पटलात ठिकठिकाणी प्रथिनांचे रेणू बसवलेले असतात, त्यांना ग्राही म्हणतात. ग्राही म्हणजे दाराच्या घंटेचे बटण समजा. पाहुणा बाहेरच उभा असतो, पण बटण दाबले की घंटा घरात वाजते. योग्य आकाराचा रेणू ग्राहीवर बसला की ग्राहीची ठेवण किंचित बदलते, आतल्या बाजूचे दुसरे प्रथिन जागे होते, ते एखाद्या विकराला कामाला लावते आणि निरोप पुढे पुढे जातो. प्रत्येक टप्प्यावर रेणूंची संख्या वाढत असल्याने एवढासा निरोपही आत मोठा होतो.

अॅड्रिनॅलिन हा असाच एक निरोप्या. आपण घाबरलो की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी तो रक्तात सोडतात. गंमत अशी, की हा एकच निरोप वेगवेगळ्या पेशी वेगवेगळ्या रीतीने ऐकतात. हृदयाचे ठोके वाढतात, श्वासनलिका सैल होतात, पण त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात. अमेरिकन शास्त्रज्ञ रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ साली याचे कारण सुचवले : ग्राही दोन प्रकारचे असावेत, आल्फा आणि बीटा. हृदयावर मुख्यतः बीटा, तर रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायूंवर मुख्यतः आल्फा. आल्फा ग्राहीचे बटण दाबले गेले की स्नायूपेशीत साठवलेले कॅल्शियम मोकळे होते आणि पेशी आकुंचन पावते. या घराण्यातील ग्राहींच्या अभ्यासासाठी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता विंचवाकडे वळू. मज्जातंतूच्या पटलात सोडियमच्या आयनांसाठी सूक्ष्म दारे असतात. ती क्षणभर उघडतात, विद्युत्स्पंद पुढे जातो आणि ती बंद होतात. लाल विंचवाचे विष ही दारे वेळेवर बंद होऊ देत नाही. मज्जातंतू स्पंदांचा भडिमार करतात आणि अॅड्रिनॅलिन व त्याचा भाऊबंद नॉरअॅड्रिनॅलिन यांचा रक्तात पूर येतो. जणू घंटेच्या बटणावर कोणी अंगठा दाबूनच धरला!

रक्तवाहिन्या आकसल्या म्हणजे काय होते, ते पदार्थविज्ञान सांगते. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहाला होणारा विरोध दुप्पट होत नाही, तो १६ पट होतो. या विरोधापुढे हृदय थकते, रक्त मागे तुंबते आणि त्यातील द्रव फुफ्फुसांत झिरपतो.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा अशा गंभीर रुग्णांपैकी शेकडा ३० ते ४० दगावत. रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. हृदयावरील परिणामांची पूर्वसूचना देणारी लक्षणे त्यांनी १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. सगळा अनर्थ आल्फा ग्राहींमार्फत होत असेल, तर ते ग्राहीच झाकले तर? प्राझोसिन हे रक्तदाबावरील स्वस्त औषध नेमके हेच करते. ते आल्फा ग्राहीवर बसते, पण बटण दाबत नाही. अॅड्रिनॅलिनला मग तेथे जागाच उरत नाही. या उपचाराचा अनुभव १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे मृत्यूंचे प्रमाण शेकडा ४ च्याही खाली आले.

प्राझोसिन विष नाहीसे करत नाही. ते काम विंचवावरील प्रतिविषाचे. महाडमध्ये ७० रुग्णांवर दोन्हींची पारख झाली व ती २०११ साली प्रसिद्ध झाली. नुसते प्राझोसिन दिलेल्या ३५ जणांपैकी ८ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, तर दोन्ही दिलेल्या ३५ जणांपैकी ३२ जण. एक औषध निरोप ऐकू देत नाही, दुसरे निरोप पाठवणाऱ्यालाच पकडते.

विद्यार्थी मित्रांनो, विंचू चावल्यास मंत्र-उताऱ्यात वेळ दवडू नका. रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात न्या. औषध मात्र डॉक्टरांनीच द्यायचे, कारण प्राझोसिनने रक्तदाब एकदम उतरू शकतो. बूट घालण्यापूर्वी झटका आणि अंधारात लाकडांच्या राशीत हात घालू नका. विंचवाचे विष काही तासांत फुफ्फुसांपर्यंत संकट नेऊ शकते. त्याआधी उपचार मिळाले, तर जीव वाचतो.