इंग्रजीचं ‘जर-तर’ इतकं अवघड का वाटतं?

लखनौचा इंग्रजीशी संबंध जुना आहे. ला मार्टिनियर कॉलेज तिथे १८४५ मध्ये सुरू झालं. १८७० मध्ये इझाबेला थोबर्न या अमेरिकन मिशनरी बाईंनी अमिनाबादेत मुलींची छोटीशी शाळा काढली, तिचंच पुढे कॉलेज झालं. १९६० च्या दशकात याच उत्तर प्रदेशात ‘अंग्रेजी हटाओ’च्या घोषणा दुमदुमल्या आणि २०१८ मध्ये त्याच राज्याच्या सरकारने सुमारे ५,००० प्राथमिक शाळा इंग्रजी माध्यमाच्या करायला घेतल्या. धोरणं बदलली, पण मुलांची अडचण तीच राहिली. शब्द पाठ, नियम पाठ, तरी मुलाखतीत जीभ अडखळते. ती अडते मुख्यतः काळ आणि जर-तरच्या वाक्यांपाशी. लखनौच्या हिंदी घरांत जे घडतं, तेच आपल्या मराठी घरांतही घडतं.

काळ म्हणजे फक्त वेळ नव्हे

घड्याळातली वेळ आणि क्रियापदाचा काळ एकच, असं आपण धरून चालतो. खरं तर आपल्या भाषाही तसं मानत नाहीत. आईने हाक मारली की आपण जागचे न हलता ‘आलोच’ म्हणतो. रूप भूतकाळाचं, येणं अजून बाकीच! लखनौचा यजमान पाहुण्याला अदबीने ‘बैठिएगा’ म्हणतो, तेव्हा भविष्यकाळासारखं दिसणारं ते ‘गा’ नम्रतेसाठी असतं. इंग्रजीतही ‘कॅन यू’पेक्षा ‘कुड यू’ अधिक नम्र वाटतं, तेही असंच.

म्हणूनच वाक्य जुळवण्याआधी स्वतःला मराठीत विचारा: ही गोष्ट घडू शकेल, नुसती कल्पना आहे, की संधी हुकून गेली आहे?

तीन प्रकारची वाक्यं

घडू शकेल अशी गोष्ट: ‘पाऊस आला तर मी घरी थांबेन.’ इंग्रजीत: ‘इफ इट रेन्स, आय विल स्टे ॲट होम.’ हिंदीभाषक ‘बारिश होगी तो’ मनात धरून ‘इफ इट विल रेन’ म्हणतो. इथे ‘इफ’च्या भागात ‘विल’ नको.

नुसती कल्पना: ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ हाउस.’ ‘हॅड’ भूतकाळाचं असलं तरी बोलणं आजचं आहे. पैसे आज नाहीत.

हुकलेली संधी: ‘तू सांगितलं असतंस, तर मी आलो असतो.’ इंग्रजीत: ‘इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव कम.’ मराठीत ‘असतं’ दोन्ही भागांत येतं, म्हणून आपणही ‘वुड’ दोन्हीकडे घालतो आणि चुकतो. ‘वुड’ फक्त ‘तर’च्या बाजूला. शिवाय ‘पैसे असते तर घर घेतलं असतं’ हे वाक्य मराठीत आजच्या कल्पनेलाही चालतं आणि कालच्या हुकलेल्या संधीलाही. इंग्रजीत मात्र दोन्हींची रूपं वेगळी.

चूक महागात पडते

‘आय हॅव वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ म्हणजे तीन वर्षं झाली, अजून तिथेच आहे. ‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ म्हणजे ती नोकरी संपली. तिथेच नोकरी करणारी मुलगी दुसरं वाक्य बोलली, तर पुढचा प्रश्न येणार: ‘नोकरी का सोडलीत?’ एका शब्दाने सगळी हकिगत बदलते.

घरच्या घरी सराव

रोज पंधरा मिनिटं पुरेत. जेवताना एकाने ‘इफ’ने सुरुवात करावी, दुसऱ्याने वाक्य पुरं करावं. मग एकच प्रसंग तीन प्रकारे सांगा: बस चुकली तर काय करीन, आपली गाडी असती तर काय केलं असतं, काल बस मिळाली असती तर काय झालं असतं. वाक्यं मोठ्याने बोला, स्वतःच्या घरातली घ्या. पुस्तकातला राम आणि त्याचा आंबा लक्षात राहत नाही, चुकलेली बस राहते. मुलांच्या चुकीला हसू नका. बरोबर वाक्य एकदा म्हणून दाखवा आणि पुढे चला.

मुलाखतीत ‘तुम्ही मॅनेजर असता तर काय केलं असतं?’ असं विचारलं जातं. उत्तर मुलांकडे असतं. ते मांडायला ‘वुड’ हाताशी असलं, की पहिलं वाक्य अडत नाही, आणि पहिलं वाक्य नीट आलं की पुढची धिटाईने येतात.