बोलता येते, मग लिहिता का येत नाही?

आपल्या सीमाभागातल्या मुलांना बोलायला शिकवावे लागत नाही. आजीशी कन्नड, शेजारी मराठी, बसस्टँडवर हिंदी, अशी ती दिवसभर सहज भाषा बदलत असतात. कन्नडमधला विनोद मराठी मित्राला लगेच समजावून सांगतात. हीच मुले कॉलेजात आली आणि हातात पेन घेतले की मुकी होतात. प्रश्नात ‘कारणे लिहा’ असेल, तर उत्तरात कारणे नसतात, गाईडमधला परिच्छेद असतो. ‘तुलना करा’ म्हटले की दोन वेगळ्या टिपा एकाखाली एक येतात. वीसेक वर्षे शिकवताना मी हे पाहत आले आहे.

पालक भेटतात तेव्हा म्हणतात, ‘मॅडम, तीन भाषांचा पोराच्या डोक्यात नुसता काला झालाय.’ मला हे निदान पटत नाही. अडचण भाषा जास्त असण्याची नाही. बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांच्यात जो पूल लागतो, तो कोणी बांधून दिलेला नाही, ही खरी अडचण आहे. असा पूल बांधण्याचे एक मोठे काम ग्वाल्हेरशी जोडलेले आहे. आपल्या घरांना त्यातून पुष्कळ घेण्यासारखे आहे.

गळ्यातली विद्या कागदावर

ग्वाल्हेर म्हटले की शिंदे सरकार, किल्ला आणि गाणे आठवते. गाण्याचे नाते तर थेट आपल्या भागाशी आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी इकडे आणली. त्यांचे शिष्य नीळकंठबुवा आलूरमठ यांच्याकडे धारवाडजवळच्या मन्सूर गावचे मल्लिकार्जुन मिरजेत शिकले. पुढे ते देशभर गाजले आणि त्यांनी ‘नन्न रसयात्रे’ हे आत्मचरित्र कन्नडमध्ये लिहिले.

लोकांच्या भाषेत शास्त्र लिहिण्याची परंपराही ग्वाल्हेरला जुनी आहे. राजा मानसिंह तोमर यांच्या नावावरचा ‘मानकुतूहल’ हा संगीतावरचा ग्रंथ संस्कृतात नव्हे, तिथल्या देशी भाषेत झाला. पुढे औरंगजेबाच्या काळात फकीरुल्लाने त्याच्या आधारे फारसीत ‘रागदर्पण’ लिहिला. बोलीतले ज्ञान कमी प्रतीचे नसते, याची ही चांगली साक्ष आहे.

पण शे-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत गाणे मुख्यतः गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जात होते. उत्तम गाणाऱ्याला ‘हा राग असाच का?’ असे विचारले, तर ‘आमच्याकडे असाच गातात’ एवढेच उत्तर बहुधा मिळे. आपल्या मुलांचीही हीच अवस्था आहे. त्यांना विषय येतो, पण तो का आणि कसा, हे सांगता येत नाही.

विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी हे काम हाती घेतले. ते व्यवसायाने वकील, त्यामुळे प्रश्न विचारण्याची सवय मुरलेली. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले, तिथल्या विद्वानांना भेटले, शंका विचारल्या आणि रोजची हकीकत लिहून ठेवली. पुढे त्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग लिहिले, तेही मराठीत. या ग्रंथाची हिंदी भाषांतरे नंतर उत्तरेत अभ्यासली गेली.

१९१६ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली. त्यानंतर ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी आपल्याकडचे काही गायक भातखंड्यांची पद्धत शिकण्यासाठी मुंबईला पाठवले. जानेवारी १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. मुंबईला गेलेल्यांत राजाभैया पूछवाले होते. शंकरराव पंडितांकडून त्यांना घराण्याची अस्सल तालीम मिळालेली होती, आणि पुढे ते या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. तयारीच्या गवयांनी पुन्हा विद्यार्थी व्हायचे, ही साधी गोष्ट नव्हे. पण येणे वेगळे आणि येते ते दुसऱ्याला क्रमाने सांगता येणे वेगळे, हे त्यांनी ओळखले होते.

चार सवयी

भातखंड्यांचा ग्रंथ प्रश्नोत्तरांतून पुढे जातो. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो, त्या उत्तरातून नवी शंका निघते. अभ्यासाचे लेखन म्हणजे जड शब्दांची रास, असे समजणाऱ्यांनी तो जरूर चाळावा. त्यात मला चार सवयी दिसतात.

पहिली, प्रत्येक परिच्छेद कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर असतो. दुसरी, शब्दाचा अर्थ आधी ठरवून घेतलेला असतो. थाट म्हणजे काय, वादी स्वर म्हणजे काय, हे ठरल्यावरच चर्चा पुढे सरकते. स्वरलिपीतही तेच. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, असे एकदा ठरले की दुसऱ्या गावचा विद्यार्थीही ते वाचू शकतो. तिसरी, मत कोणाचे आणि कोणत्या ग्रंथातले, हे सांगितलेले असते. चौथी मला सर्वात मोलाची वाटते. जिथे पुरावा नाही, तिथे तसे म्हणण्याचा प्रामाणिकपणा. प्राचीन ग्रंथांतल्या रागांचा मेळ आजच्या रागांशी बसत नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता मांडले.

स्वरलिपीत गायकी मावत नाही, असा आक्षेप अनेक गवयांनी घेतला आणि त्यात तथ्य आहे. कागद गुरूची जागा घेत नाही. पण कागदामुळे विचार तपासता येतो, चूक दाखवता येते, पुढच्याला पुढे जाता येते.

दोन भाषांचे ओझे की भांडवल?

कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये दोन प्रकारच्या भाषाक्षमता वेगळ्या करून दाखवल्या. एक गप्पांची भाषा, दुसरी अभ्यासाची. नव्या भाषेत गप्पा मारायला मूल साधारण दोन वर्षांत शिकते. अभ्यासाच्या भाषेत बरोबरीला यायला पाच ते सात वर्षे किंवा अधिकही लागतात. म्हणून इंग्रजीत फाडफाड बोलणारे मूल इंग्रजीत निबंधही लिहील, हे गृहीत धरू नये. कमिन्स यांचे दुसरे म्हणणे आपल्याला धीर देणारे आहे. कारण शोधणे, क्रम लावणे, तुलना करणे ही कौशल्ये एका भाषेत पक्की झाली की दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडतात. आजीला कन्नडमधून नीट समजावून सांगणारा नातू मराठी उत्तराचीच तयारी करत असतो.

हा पाया कच्चा राहिला की त्रास एम.ए., पीएच.डी.पर्यंत पोचतो. संशोधक पुस्तकातली वाक्ये उचलतात. यात दरवेळी लबाडीच असते असे नाही, पुष्कळदा स्वतःची वाक्येच तयार नसतात. पण नियम ते कारण ऐकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातले साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो. चाळीस ते साठ टक्के असेल तर सुधारित प्रबंध किमान एक वर्ष देता येत नाही, आणि साठ टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. आता तर मोबाईलवर तयार उत्तर क्षणात मिळते. पण मुलाखतीत ‘असे का लिहिले?’ असे विचारल्यावर मोबाईल मदतीला येत नाही.

घरी काय करता येईल?

यासाठी क्लास लावायची गरज नाही. घरात गुऱ्हाळ माहीत असलेले अज्जा असतील तर मुलाला त्यांच्यापुढे वही घेऊन बसवा. काहिलीत रस कधी ओततात? मळी काढायला भेंडीचा रस का घालतात? पाक झाला हे कशावरून ओळखायचे? अज्जा कन्नडमधून सांगतील, मुलाने मराठीतून दहा वाक्ये लिहावीत. आधी काय, मग काय, आणि का, एवढे आले की झाले. अज्जांना माहीत नसेल तिथे ‘याचे कारण समजले नाही’ असेच लिहू द्या. तेही शास्त्रीय लेखनच आहे.

दुसरे, शब्दांची वही करा. मराठी, कन्नड, इंग्रजी असे तीन रकाने आखा. अभ्यासाचे बरेच शब्द आपल्या दोन्ही भाषांत जवळजवळ तेच आहेत हे मुलांच्या लक्षात येईल. कारण, परिणाम हे तेच, उदाहरणाचे ‘उदाहरणे’ होते. कुठे फसगतही होईल. मराठीत ‘अनुमान’ म्हणजे तर्काने काढलेला निष्कर्ष, कन्नड बोलण्यात ‘अनुमान’ म्हणजे संशय. अशा जागी थांबून अर्थ ठरवणे, ही त्या चार सवयींतली दुसरी.

तिसरे, एकच विषय मराठी विश्वकोशात आणि म्हैसूर विद्यापीठाच्या कन्नड विश्वकोशात वाचायला सांगा. दोन्ही मिटवून ठेवून पाच वाक्ये स्वतःची लिहायची, आणि कोणती माहिती कुठून घेतली हे खाली नोंदवायचे. प्रबंध लिहिणाऱ्यांनाही मी हाच व्यायाम देते.

आणि शेवटचे, लिहिलेले वाचून दाखवायला सांगा. शुद्धलेखनाच्या चुका आधी काढू नका. आधी ‘का?’ विचारा. तो प्रश्न ‘याके?’ म्हणून आला तरी चालेल. मुलाने त्याला उत्तर दिले की तेच वाक्य कागदावर उतरवायला सांगा. ते वाक्य साधे असेल, थोडे मोडकेही असेल, पण त्याचे स्वतःचे असेल. थेंबे थेंबे तळे साचते, तशा अशा वाक्यांमधूनच पुढे उत्तरपत्रिका आणि प्रबंध तयार होतात.