प्रौढ दिव्यांगांचे शिक्षण : कायद्यातील तरतूद आणि गावातील वर्ग

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात, भिलाईच्या पोलाद कारखान्यापासून जवळच, उतई हे नगरपंचायतीचे गाव आहे. बालपणी शाळेपर्यंत पोहोचू न शकलेली एखादी दृष्टिहीन किंवा कर्णबधिर व्यक्ती अशा गावात तिशी ओलांडल्यावर शिकू इच्छीत असेल, तर तिला कायद्याने काय मिळते आणि प्रत्यक्षात तिच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न देशभरातील लाखो कुटुंबांचा आहे.

2011 च्या जनगणनेनुसार देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी सुमारे 45 टक्के, म्हणजे 1 कोटी 20 लाखांहून अधिक, निरक्षर होत्या. दिव्यांग पुरुषांमध्ये साक्षरता 62 टक्के, तर स्त्रियांमध्ये केवळ 45 टक्के होती. छत्तीसगडमध्ये दिव्यांगांची संख्या सुमारे सव्वासहा लाख नोंदली गेली.

1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात सोळा वर्षे व त्यापुढील वयाच्या मुलांसाठी अर्धवेळ साक्षरता वर्गांचा उल्लेख होता. प्रौढांचा स्वतंत्र विचार त्यात नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 याच्या कलम 18 ने ही उणीव भरून काढली. प्रौढ शिक्षणात व निरंतर शिक्षणात दिव्यांगांचा इतरांच्या बरोबरीने सहभाग राहील, यासाठी शासनाने आणि स्थानिक प्राधिकरणांनी उपाययोजना करावी, असे हे कलम सांगते. म्हणजे ही जबाबदारी नगरपंचायतीचीही आहे. मात्र कलम अवघ्या एका वाक्याचे आहे. मोफत शिक्षणाचा हक्क याच कायद्यात 6 ते 18 या वयोगटापुरता आहे. त्यापुढे कोणती साधने, किती आणि केव्हा, याविषयी कलम 18 मौन बाळगते.

सध्या पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी केंद्र सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजेच ‘उल्लास’, राबवला जातो. 2022 ते 2027 या कालावधीसाठी मंजूर झालेल्या या योजनेत दिव्यांगांना प्राधान्यगटात स्थान आहे. शिकवण्याचे काम मानधनाविना स्वयंसेवक करतात, आणि खरी अडचण येथेच आहे. शेजारची महाविद्यालयीन विद्यार्थिनी आजीबाईंना अक्षरओळख करून देऊ शकते. ब्रेल शिकवण्यासाठी तिला आधी स्वतः ब्रेल यावी लागते.

भारती ब्रेल ही सर्व भारतीय भाषांसाठीची समान लिपी 1951 मध्ये स्वीकारली गेली. तिच्यातील ‘क’ हिंदीत आणि मराठीत एकाच ठिपक्यांनी, पहिल्या व तिसऱ्या, लिहिला जातो. त्यामुळे नागपुरात ब्रेल शिकलेला शिक्षक भिलाईतही उपयोगी पडतो. प्रौढ विद्यार्थ्याला मात्र वेळ अधिक लागतो. श्रमाने राठ झालेल्या बोटांना ठिपके ओळखण्याचा सराव करावा लागतो, आणि दोन महिन्यांत आटोपणाऱ्या वर्गात तो होत नाही.

कर्णबधिरांची अडचण वेगळी. उतईसारख्या गावात घरी छत्तीसगढी बोलली जाते, पुस्तक हिंदीत असते. पण ज्याने यांपैकी एकही भाषा ऐकलेली नाही, त्याला वाचन शिकवायचे तर आधी खुणांची भाषा हवी. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र 2015 मध्ये दिल्लीत स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशात 2021 पर्यंत दहा हजार शब्द आले. शब्दकोश संगणकावर उपलब्ध आहे, दुभाषे मात्र मुख्यतः मोठ्या शहरांत आढळतात.

चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीच्या बाबतीत प्रश्न त्या मानाने सोपा असतो. वर्ग तळमजल्यावर भरवणे आणि उंबऱ्याशी उतार बांधणे, एवढे नगरपंचायतीच्या सहज आवाक्यात आहे.

‘उल्लास’ची परीक्षा वाचन, लेखन व संख्याज्ञान मिळून 150 गुणांची असते. ती उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मूलभूत शिक्षणाचे तीन स्तर खुले होतात. ते अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत. त्यानंतर याच संस्थेतून दहावीला बसता येते. त्यासाठी किमान वय 14 आहे, कमाल वयाची अट नाही. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखी परीक्षेत पात्र दिव्यांगांना लेखनिक आणि तासामागे किमान 20 मिनिटे अधिक वेळ मिळतो. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ज्यांनी ते अद्याप काढलेले नाही, त्यांनी वर्गात नाव नोंदवतानाच अर्ज केलेला बरा.