डी.जे.साठी लॅपटॉप घेताना

‘डी.जे.’ हा शब्द ऐकताच आपल्या महाविद्यालयातील बहुतेक प्राध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडतात, हे मला ठाऊक आहे. मिरवणुकीत घराच्या काचा थरथरविणारा तो आवाज ज्यांनी सोसला आहे, त्यांना दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु माझ्या फीची सोय याच कामातून झाली आहे, हेही लपवून ठेवण्याची माझी इच्छा नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, लग्नसराईत बेंजो पार्टीत ढोल वाजवितात व एरवी दुसऱ्याच्या रानात कामाला जातात. मी ढोलाऐवजी लॅपटॉप घेऊन उभा राहतो, इतकाच फरक. हा लॅपटॉप थोड्या पैशांत कसा निवडावा, एवढेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. गणेशोत्सवात वा स्नेहसंमेलनात हौसेने हे काम करणाऱ्या मित्रांना त्याचा उपयोग व्हावा, अशी अपेक्षा.

डी.जे. म्हणजे ‘डिस्क जॉकी’, तबकड्या वाजविणारा. पूर्वी त्याच्यापुढे दोन फिरत्या तबकड्या असत. एका तबकडीवरचे गाणे लोक ऐकत असताना दुसरीवरचे गाणे तो कानाला हेडफोन लावून जुळवून ठेवी. जपानच्या टेक्निक्स या नावाने १९७२ साली बाजारात आलेले एस.एल.-१२०० हे यंत्र या कामासाठी जगभर गाजले. आज त्या दोन्ही तबकड्या लॅपटॉपच्या पडद्यावर आल्या आहेत. काम मात्र तेच राहिले आहे.

माझा पहिला लॅपटॉप नवा कोरा, हप्त्यावर घेतलेला होता. ‘एकदम फास्ट आहे,’ असे विक्रेत्याने सांगितले व मी विश्वास ठेवला. गेल्या उन्हाळ्यात एका वरातीत, ऐन मारुतीच्या देवळासमोर, गाणे एका अक्षरावर अडकले, स्पीकरमधून ‘टर्रर्र’ असा आवाज आला आणि मग सारे शांत झाले. यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत सात-आठ मिनिटे गेली. नाचणारी माणसे माझ्याकडे पाहत उभी होती. सुपारी ६,००० रुपयांची ठरली होती. हातावर ४,००० पडले. घरी आल्यावर आप्पांनी सारे ऐकून घेतले व एवढेच विचारले, “मशीनला दम लागला व्हय रं?”

तेव्हा मला त्या प्रश्नाचे हसू आले. पुढे मी या विषयाची माहिती मिळवू लागलो, तेव्हा ध्यानात आले की आप्पांनी नेमके दुखण्यावर बोट ठेवले होते. डी.जे.च्या लॅपटॉपला वेगापेक्षा दम लागतो. तो कसा, ते पाहू.

सीडीच्या दर्जाच्या आवाजात प्रत्येक सेकंदाचे ४४,१०० तुकडे केलेले असतात. हे तुकडे क्रमाने, एकही न गाळता, साउंड कार्डाकडे पोहोचावे लागतात. संगणक ते एकेक न पाठविता लहान लहान गठ्ठ्यांनी पाठवितो. या गठ्ठ्याच्या साठवणीस ‘बफर’ म्हणतात. गावच्या पाण्याच्या टाकीसारखीच ही व्यवस्था आहे. विहिरीवरचा पंप थोडा वेळ थांबला तरी टाकीत पाणी असेतोवर नळ चालू राहतो. ५१२ तुकड्यांचा बफर ठेवला, तर ही टाकी सेकंदाच्या सुमारे ८६व्या भागात रिकामी होते. तेवढ्या अवधीत पुढचा गठ्ठा आला नाही, तर ‘टर्रर्र’! टाकी मोठी करता येते. २,०४८ तुकड्यांचा बफर त्याच्या चौपट वेळ पुरतो. पण मग बटण दाबल्यावर परिणाम ऐकू येण्यास तितकाच उशीर होतो आणि ताल जुळविणे अवघड होते. म्हणून अगदी क्षणभरही न अडखळणारे यंत्र हवे. सरासरीने ते किती वेगवान आहे, हा प्रश्न दुय्यम ठरतो.

आता दम कोठे कोठे लागतो ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे डिस्क. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरती चकती व तिच्यावर अलगद तरंगणारी सुई असते. आमचा लॅपटॉप टेंपोत असतो आणि शेजारी बेसचे खोके हादरत असतात. केवळ आवाजाने अशा डिस्कचे काम मंदावते, हे २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतील ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने डिस्कांच्या रांगेपुढे मोठ्याने ओरडून दाखविले होते. मग बेसपुढे तिची काय कथा? म्हणून ज्यात फिरणारा भागच नाही अशी एस.एस.डी. असल्याखेरीज लॅपटॉप घेऊच नये. जागा फार लागत नाही. उत्तम प्रतीच्या एम.पी.३ स्वरूपात पाच मिनिटांचे गाणे सुमारे १२ एम.बी. व्यापते, दहा हजार गाणी १२० जी.बी.त मावतात. सबब २५६ जी.बी. पुरेशी होते.

दुसरी गोष्ट रॅम व प्रोसेसर. माझ्या पहिल्या लॅपटॉपमध्ये ४ जी.बी. रॅम होती व प्रोसेसर अगदी खालच्या वर्गातला होता. वर्गात टिपणे काढण्यास तो चांगला, वरातीस नव्हे. रॅम ८ जी.बी. असावी. प्रोसेसरच्या बाबतीत केवळ ‘आय-५’ एवढे ऐकून भुलू नये. त्यापुढील आकडा वाचावा. आय-५-८२५० यातील पहिला आठ म्हणजे आठवी पिढी. विंडोज १० या प्रणालीची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारणतः आठव्या पिढीपासून पुढच्याच यंत्रांवर अधिकृतपणे चालते. स्वस्त म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचे यंत्र गळ्यात मारले जाते, ते यामुळेच. असे यंत्र घरी असेलच, तर त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली घालावी. ‘मिक्स’ नावाचे डी.जे.चे मोफत सॉफ्टवेअर (इंग्रजीत त्याच्या शेवटी तीन ‘एक्स’ येतात) तिच्यावर चालते. मात्र चालू गाण्यातून गायकाचा आवाज वेगळा काढणे यांसारख्या नव्या करामतींना अधिक ताकदीचे यंत्र लागते. थोड्या पैशांत त्यांचा मोह टाळावा.

तिसरी गोष्ट आवाजाच्या दोन वाटा. एक वाट लोकांसाठी, दुसरी आपल्या हेडफोनसाठी. लॅपटॉपला सहसा एकच वाट असते. म्हणून साउंड कार्ड अंगभूत असलेला कंट्रोलर किंवा निदान वेगळे यू.एस.बी. साउंड कार्ड घ्यावे लागते. त्याचे पैसे आधीच बाजूला ठेवावेत आणि यू.एस.बी.ची छिद्रे ढिली नाहीत ना, हे पाहून घ्यावे.

चौथी गोष्ट बॅटरी. जनरेटर डोलू लागला किंवा कोणाच्या पायात अडकून वायर निघाली, की बॅटरीच आपली लाज राखते. चार्जर लावताच स्पीकरमधून गुणगुण येते व काढताच थांबते, असेही होते. तो दोष बहुधा अर्थिंगच्या वाटेने आलेला असतो. अशा वेळीही बॅटरीच तात्पुरती कामास येते.

हे सारे ध्यानात घेऊन मी जुन्या लॅपटॉपांच्या दुकानात गेलो. मोठ्या कचेऱ्यांतून काही वर्षे वापरून बाहेर पडलेले लॅटिट्यूड, थिंकपॅड, एलिटबुक या जातीचे लॅपटॉप तेथे मिळतात. दिसावयास ते साधे असतात, पण बांधणी भक्कम असते व रॅम किंवा बॅटरी बदलणे बहुधा सोपे जाते. मी पेन ड्राइव्हमध्ये गाणी नेली होती. दुकानदाराच्या परवानगीने ‘मिक्स’ घातले, वायफाय बंद केले, चार्जर काढला व अर्धा तास दोन-दोन गाणी एकत्र वाजविली. पहिला लॅपटॉप वीस मिनिटांत तापून अडखळू लागला. दुसऱ्याची बॅटरी बसली. तिसरा टिकला. बॅटरी धरून तो १९,५०० रुपयांना पडला. पहिल्या नव्या लॅपटॉपपेक्षा कमीच. त्या लॅपटॉपचे चार हप्ते मात्र अजून फेडावयाचे आहेत. अर्धा तास बसून तपासण्याची बुद्धी तेव्हाच सुचली असती, तर ते वाचले असते.

लॅपटॉप आणल्यावरही काही पथ्ये पाळावी लागतात. कार्यक्रमापूर्वी अद्ययावतीकरण उरकून घ्यावे, कार्यक्रमात इंटरनेट बंद ठेवावे, लॅपटॉप बेसच्या खोक्यावर न ठेवता जाड फोमवर ठेवावा व पंख्याची वाट मोकळी असू द्यावी. गाण्यांची एक प्रत खिशातल्या पेन ड्राइव्हवर असावी.

शेवटी प्राध्यापकांच्या कपाळावरील आठ्यांविषयी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी आहे. सणासुदीच्या मोजक्या दिवशीच शासन ती रात्री १२पर्यंत शिथिल करू शकते. चांगला लॅपटॉप घेतल्याने आवाज आपोआप मर्यादेत राहत नाही. ती खुंटी वाजविणाऱ्याच्याच हाती असते. दहा वाजता बंद करतो म्हणून माझी एक सुपारी गेली, हेही येथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

नव्या लॅपटॉपवर पहिली वरात झाली, त्या दिवशी पुढे आप्पांची बेंजो पार्टी होती व मागे मी. देवळापासून मांडवापर्यंत गाणे एकदाही तुटले नाही. रात्री भाकरी खाताना आप्पा म्हणाले, “ह्याला दम हाय.” ते लॅपटॉपविषयी बोलत होते, असे मी धरून चाललो आहे.

— द्वितीय वर्ष, कला